चारनळीचा गट

माझी सून विमानं पाडते. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे पाहतो. पाहा बाप्पा, खुशाल पाहा! पटत नसेल तर गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बसस्टँडसमोर रीताचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे, तिथं दुपारी दोननंतर या. सातबाऱ्याचं सर्वर बंद पडलेलं असतं, बाकावर चार-पाच जण कागद घेऊन जांभया देत असतात, आणि कानाला हेडफोन लावून रीता आभाळातलं काही ना काही खाली आणत असते. सर्वर सुरू झालं की हेडफोन काढते आणि म्हणते, "चला काका, आधार नंबर सांगा."

मी दुधराम बिसेन. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होतो, चौतीस वर्षं घंटा दिली. आणि अडतीस वर्षं शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, घड्याळ धरलं. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगावी पट भरतात. आमच्या पटात एकेक बैलजोडी छकडीच्या हलक्या गाडीला जुंपून सोडतात. झेंडी पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्या टोकाची दोरी ओलांडली की बंद. सहा-सात सेकंदांचा खेळ, पण त्यावर गावंच्या गावं भांडतात. मी घड्याळ धरलं की कोणी भांडत नसे. "दुधरामचा अंगठा आहे न? मग झालं," असं म्हणून लोक घरी जात. मला राग लवकर येतो हे तालुक्याला माहीत आहे, पण माझ्या अंगठ्यावर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं.

रीता गोंदिया शहरातली. लग्न होऊन आली तेव्हा अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायची, आणि माझी बायको नंदाबाई तिला म्हणायची, "तुह्यासाठी एक दुभाषी ठेवा लागते." माझा पोरगा वीरेंद्र एसटीच्या डेपोत मेकॅनिक, तो सकाळी गोंदियाला जातो. रीतानं घरी बसायला साफ नकार दिला आणि हे केंद्र टाकलं. सर्वर बंद असताना करायचं काय, म्हणून गेम सुरू झाला. त्या गेमचं नाव मी सांगणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? दोन बाजू असतात, दोन्हीकडे रणगाडे असतात, आणि जरा लढाई तापली की वरून विमानं येतात. खेळणारे सगळे खरे, कोणी पोलंडमध्ये, कोणी कोल्हापुरात.

मी पेन्शनर माणूस, दुपारी तिच्या केंद्रात जाऊन बसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मोठं नवल वाटलं. बाकीचे सगळे दांडगे दांडगे रणगाडे घेऊन निघालेले, आणि माझी सून एका उघड्या ट्रकवर चार नळ्यांची तोफ लावून सर्वांच्या मागे उभी.

"काऊन वो," मी म्हटलं, "रणगाडा मिळत नाही का तुले?"

"मिळते न मामाजी. पण सबको सामने का दिखता है. वर कोणीच पाहत नाही. मग बम पडला का रडतात."

तेव्हापासून आम्ही त्या गाडीला चारनळी म्हणतो. पत्र्यासारखं तिचं अंग, एक गोळा लागला की खेळ खल्लास. पण तिच्या जिवावर पुढचे आठ रणगाडे बिनघोर लढतात. रीताच्या टोळीचा म्होरक्या राजदीप रामटेके, तिकडे इटियाडोह धरणाच्या कालव्याकडचा, इलेक्ट्रिशियन आहे. तो हेडफोनमधून ओरडतो, "ताई, वर पाहा!" आणि ताई वर पाहतच असते. तीन वर्षांत तिनं दुसरी गाडी हातात घेतली नाही. परदेशातले खेळणारे तिला पुरुष समजून 'ब्रदर' म्हणतात, तिनं कधी दुरुस्त केलं नाही.

या गेमात प्रत्येक गाडीला एक आकडा असतो. कमी आकड्याच्या गाड्या कमी आकड्याच्या विमानांशी लढतात, मोठ्या मोठ्यांशी. रीता मला अर्धा तास समजावत होती. मी हसलो. "अवो, हे तं आपले गट होत! अ गट, ब गट, क गट. गावातल्या नांगराच्या जोडीले नावाजलेल्या पटाच्या जोडीसंगं एका गटात धरत नाहीत. मी जन्मभर हेच पाहून राहिलो." ती थक्क झाली. त्या दिवसापासून गेमबद्दल तिला काही अडलं की ती मला विचारू लागली, आणि मी काय, विचारलं की सांगतोच, न विचारता पण सांगतो.

डिसेंबरात गेमवाल्यांनी मोठा बदल केला. विमानं उडवणाऱ्यांची तक्रार होती की चारनळी आम्हाला जगू देत नाही. त्यांनी आकडे काढले, खरंच चारनळी फार विमानं पाडत होती. म्हणून तिला क गटातून उचलून ब गटात टाकलं. ब गटातली विमानं म्हणजे बाप रे! टेकडीआडून डोकं काढलं की बॉम्ब टाकून पसार. चारनळीची तोफ फिरेपर्यंत आपले दोन रणगाडे राख. राजदीपची टोळी लागोपाठ अकरा लढाया हरली.

सगळीकडे शिव्यांचा पाऊस. उचलली जीभ, लावली टाळ्याला. रीतानं मात्र शिवी दिली नाही. ती मला म्हणाली, "मामाजी, चारनळी कोण चालवते? आम्ही मोजके जुने लोक. नवीन पोट्टे सगळे रणगाड्याकडे धावतात. म्हणून तिचे आकडे चांगले दिसतात. गाडी चांगली नाही, चालवणारे चांगले आहेत."

"बरोबर," मी म्हटलं. "जोडी हाकणारा धुरकरी चांगला असला तं मामुली जोडीपण नंबरात काढते. म्हणून काय जोडीचा गट बदलते कोणी?"

तिनं हेच इंग्रजीत लिहून पाठवलं, बैल, छकडी, धुरकरी सगळ्यांसकट. आठ दिवसांनी उत्तर आलं. म्हणणं पटण्यासारखं आहे, पण नुसत्या म्हणण्यावर गाडी हलवता येत नाही, माप दाखवा. विमान दिसल्यापासून बॉम्ब पडेपर्यंत किती वेळ जातो, आणि चारनळीची तोफ फिरून पहिला गोळा फुटेपर्यंत किती वेळ जातो, हे शंभर-शंभर वेळा मोजून द्या.

रीताच्या कॉम्प्युटरवर लढाईचं रेकॉर्डिंग सुरू केलं की गेम अडखळतो. ती विचारात पडली. मी म्हटलं, "मी मेलो का? घड्याळ आण."

वीस-बावीस दुपारी आम्ही मोजलं. तोफेचं माप सरावाच्या मैदानात घ्यायचो. रीता "एक, दोन, तीन" म्हणायची, तीनवर तोफ फिरवायची, मी अंगठा दाबायचो. विमानाचं माप खऱ्या लढाईत. टेकडीवर विमान दिसलं की दाबायचं, बॉम्ब फुटला की परत दाबायचं. बाकावरचे लोक श्वास रोखून पाहायचे. एका म्हाताऱ्यानं तर आपला नंबर आला तरी उठायला नकार दिला, म्हणाला, "थांबा न जी, येऊन राहिलं विमान." शंभर पूर्ण झाल्यावर हिशेब लागला. विमानाला पाच सेकंद साठ. चारनळीला सहा सेकंद दहा. म्हणजे आमची गाडी कितीही हुशार माणसानं चालवली तरी अर्धा सेकंद मागेच. तिचा गट चुकलेला.

गेमवाल्यांना माप फार आवडलं. जानेवारीत एका शनिवारी उत्तर आलं. येत्या शुक्रवारी जाहीर करतो, चारनळी परत क गटात. सोबत रीताचं नाव छापू. आणि अजून एक गोष्ट. जगभरातून बारा खेळाडू ते निवडत होते, कोणती गाडी कोणत्या गटात बसते हे तपासायला. त्या बारांत रीताला घ्यायचं ठरत होतं. तिनं हे वाचलं आणि खुर्चीतून उठून केंद्राच्या दारापर्यंत गेली, परत आली, परत वाचलं. तीन वर्षं मागे उभी राहून दुसऱ्यांना वाचवणारी ही बाई, तिला विचारून आता गाड्यांचे गट ठरणार होते. नंदाबाईनं पुरण घातलं. मी गावभर सांगत सुटलो. माझ्यासारख्यानं गप्प बसावं तरी कसं?

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आमच्या शेजारच्या गावचा पट होता. यंदा कमिटीनं नागपूरहून उजेडाचं यंत्र आणलं होतं. जोडीनं उजेडाची रेघ तोडली की वेळ आपोआप सुरू, दुसरी तोडली की बंद. पण माझा मान म्हणून मलाही घड्याळ घेऊन बसवलं. पहिली जोडी सुटली. यंत्र म्हणे सात सेकंद तीस. माझं घड्याळ म्हणे सहा ऐंशी.

"यंत्र बिघडलं तुमचं," मी म्हटलं.

दुसरी जोडी. यंत्र सात दहा, मी सहा साठ. तिसरी, चौथी. मी यंत्रवाल्यावर असा भडकलो की लोक जमले. "अडतीस वर्षं झाली मले! तुह्या यंत्राले किती झाली?" तो भला माणूस, म्हणाला, "काका, यंत्राला रेघ तुटलेलीच समजते, बाकी काही समजत नाही." मी चहा न पिता परत आलो. पण वाटेत, गाडीवर मागे बसल्या बसल्या, डोक्यात एक किडा वळवळत होता. फरक दर वेळी अर्ध्या सेकंदाचाच होता. आणि दर वेळी माझाच आकडा कमी होता.

सोमवारी सकाळी मी नंदाबाईला अंगणात बोलावलं. बैल हाकायची चार हात लांब काठी तिच्या हातात दिली, ओसरीवर चढून ती उभी धरायला सांगितली, आणि खालच्या टोकाशी माझा उघडा पंजा ठेवला. "न सांगता सोड," म्हटलं. हात किती चपळ आहे ते पाहायला शाळेत गुरुजी पोरांकडून पट्टीनं असंच करून घ्यायचे. तिनं सोडली. काठी माझ्या पंजातून सरळ जमिनीवर. परत सोडली, परत जमिनीवर. दहा वेळा. मग मी सोडली, तिनं पकडली, पुरती अर्धी पण जाऊ दिली नाही.

"म्हातारे झाले जी तुमी," ती हसत हसत म्हणाली, आणि माझं तोंड पाहून हसू गिळलं.

मला सगळं उमगलं. अवचित काही दिसलं की माझा अंगठा अर्धा सेकंद उशिरा दाबतो. शेवट मात्र चुकत नाही, कारण शेवट येताना दिसतो. रीता "एक, दोन, तीन" म्हणायची तेव्हा अंगठा तयारच असायचा, म्हणून तोफेचं माप बरोबर. पण विमान न सांगता येतं. शंभरच्या शंभर विमानांना मी अर्धा सेकंद कमी लावला होता. पाच साठ नव्हे, सहा दहा. तोफेचेही सहा दहा. म्हणजे बरोबरीची जोडी! गेमवाल्यांनी चारनळीला योग्य गटात टाकलं होतं, आणि आम्ही त्यांना खोटं माप दिलं होतं.

हे फक्त मला माहीत होतं. खरं सांगतो, दोन दिवस मी गप्प बसलो. शुक्रवारी जाहीर होणार, मग कोण विचारतं? सांगितलं तर त्या पोरीचं नाव जाईल, बारांतली जागा जाईल, तेही माझ्यामुळे. आणि माझं काय? आज अंगठा चुकतो, तर काल चुकत नव्हता कशावरून? दहा वर्षांआधी? किती जोड्यांना मी हरवलं असेल? ज्यांनी "दुधरामचा अंगठा आहे" म्हणून मान खाली घालून बैल सोडले, त्यांचं काय? दोन दिवस ताट तसंच परत केलं. नंदाबाई म्हणाली, "तोंड उघडा, नाही तं फुटून जासाल." चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तिचं लगेच ऐकलं.

बुधवारी केंद्रात गेलो. बाकावरच्या लोकांना बाहेर बसायला सांगितलं. रीतासमोर उभा राहून सगळं बोललो, यंत्र, काठी, अंगठा. मला वाटलं ती रडेल, निदान रागावेल तरी. तिनं कागद ओढला.

"किती, मामाजी?"

"अर्धा सेकंद."

"तोफेत नाही न?"

"तोफेत नाही."

तिनं राजदीपला फोन लावला. त्यानं याच आठवड्यात नवा कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर रेकॉर्डिंग चालतं. दुपारभर त्यानं दहा विमानं टिपली आणि एकेक चित्र थांबवून मोजलं. सहा सेकंद दहा. तोफेचेही तितकेच. फोनवर तो एकदम उसळला, त्याचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. "ताई, कोणाले मालूम आहे हे? चूप बसा न! चारनळी खाली आली तं आपलंच भलं आहे. दोन दिवस राहिले फक्त!"

"भाऊ," रीता म्हणाली, "विमानवाल्यायनं असं खोटं माप देऊन आपली गाडी वर ढकलली असती, तं तू काय बोलला असतास?"

फोन बंद झाला.

मग ती लिहायला बसली आणि आमचं भांडण लागलं. तिनं लिहिलं की माप घेताना तिची चूक झाली. मी म्हटलं, "खोटं नको लिहू. अंगठा माहा होता. माहं नाव टाक, दुधराम बिसेन, गोरेगाव, सगळं टाक." ती म्हणाली, "घड्याळ तपासून घेणं माझं काम होतं, मी तपासलं नाही." मी म्हटलं, "सासऱ्याचा अंगठा कोणती सून तपासते वो?" ती म्हणाली, "जिले त्या बारा जणांत बसायचं आहे ती तपासते." शेवटी दोघांची नावं टाकली आणि पत्र गेलं.

शुक्रवारी जाहीर झालं ते एवढंच. चारनळी आहे त्याच गटात राहील. एका खेळाडूनं आपलं माप स्वतःहून परत घेतलं, त्याचे आभार. त्याचे म्हणे! रीताचं नावही नाही. बारांची यादी आली, त्यात तिच्या जागी दुसराच कोणी होता. तिला वेगळं पत्र आलं, या वेळी घेता येत नाही. चारनळीवाल्या जुन्या खेळाडूंनी तिला काय काय म्हटलं ते मी वाचलं नाही, तिनं वाचू दिलं नाही. राजदीप तर तीन दिवस गेममध्ये आलाच नाही.

मी घरीच बसलो. केंद्रात जायची हिंमत होईना. घड्याळ पेटीत घालून टाकलं. पटाच्या कमिटीचा अध्यक्ष दुर्गाप्रसाद घरी आला, पुढच्या पटाचं सांगायला, त्याला मी दारातूनच म्हटलं, "माह्या अंगठ्यानं कोणाकोणाचं नुकसान केलं देव जाणे. जा तू." तो बिचारा चहा न घेता गेला.

सोमवारी दुपारी केंद्र उघडं टाकून रीता घरी आली. मी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"राजदीप आला आज," ती म्हणाली. "ब गटात दोन लढाया जिंकलो. बरोबरीची जोडी आहे, हे माहीत झाल्यावर मी लपायचं सोडलं. विमान टेकडीमागे असतानाच तोफ तिकडे फिरवून ठेवते. पहले तं हारेन म्हणूनच खेळत होती न मी."

"चांगलं झालं," मी म्हटलं. माझं मन त्यात नव्हतं.

"तुम्ही केंद्रात काऊन नाही आले?"

"कोणत्या तोंडानं येऊ? तुही जागा गेली ते एक. पण अडतीस वर्षं, रीता! अडतीस वर्षं मी लोकायच्या जोड्यायचे निकाल दिले. काय माहीत कोणाचा हक्क कोणाले दिला?"

मग ती जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मामाजी, आमचं माप काऊन चुकलं? एका बाजूले तुमचा उशीर लागला, दुसऱ्या बाजूले नाही लागला, म्हणून. पटात काय होते? पहिल्या जोडीले झेंडी अवचित पडते, दुसरीलेही तशीच पडते. घड्याळ एकच, अंगठा एकच. उशीर झाला असन तं सगळ्यायले सारखा झाला. सगळ्यायचे आकडे अर्ध्या सेकंदानं कमी. मग सांगा, नंबर कोणाचा बदलला?"

डोळ्यांसमोरून एकेक पट जाऊ लागला, कोण पहिला, कोण दुसरा, कोणाचे बैल पांढरे, कोणाचे कोसे. प्रत्येकाला मी मनात अर्धा सेकंद परत देत गेलो. पहिला पहिलाच राहत होता, दुसरा दुसराच. मग मला रडू फुटलं, मोठ्यानं फुटलं, नंदाबाई भाकरी तव्यावर टाकून धावत आली. तिनं विचारलं काय झालं. रीतानंच सांगितलं, की मामाजींनी आजवर एकाही जोडीचा नंबर चुकवला नाही.